'आधी शी तपासली का?' असं विचारणारं दुकान

फुटाळा तलावाच्या काठावरून आणलेली आमची कुत्री चिंगी ९ किलोची होती. बरगड्या एकेक मोजता येत होत्या. वजन वाढावं म्हणून दुसऱ्या एका दुकानातून आणलेलं भरपूर फॅटचं खाणं दिलं, तर तीन दिवस पातळ शी. बिचारी कोपऱ्यात पोट आवळून बसायची, बघवत नव्हतं.

मग धरमपेठेतल्या प्राण्यांच्या खाण्याच्या या दुकानात गेले. काकांनी पाकीट काढायच्या आधीच विचारलं, "ताई, शी तपासली का? जंताचं औषध झालं?" दोन्ही करून आल्यावरच डॉक्टरांनी लिहून दिलेलं रॉयल कॅनिन कंपनीचं गॅस्ट्रोइंटेस्टिनल, म्हणजे पोटाच्या त्रासासाठीचं खाणं दिलं. आधी पाव भाग नवं, बाकी जुनं. आठवडाभरात पूर्ण बदल. दिवसाचं खाणं चार वेळा विभागून.

मी दाणे कोमट पाण्यात भिजवते. बोटाने दाबल्यावर दाणा आतपर्यंत मऊ लागला की मगच वाटी तिच्यापुढे. दुसऱ्या आठवड्यात शी बांधून आली, दीड महिन्यात काटा ११ वर! खाणं महाग आहे, हे दुकान घरपोच देत नाही. पण आपल्या नागपूरच्या मे महिन्यात उघडं पाकीट लवकर खवट होतं, म्हणून लहानच घ्या, हेही काकांनीच सांगितलं. मोठं खपवलं नाही.