पिकनिक टॅप आणि त्याची नळी : दीड वर्ष वापरल्यावर

आधी मार्क सांगून टाकतो, मग बाकीची बडबड. टॅपला पाचपैकी साडेतीन. टॅपसोबत किटमध्ये जी नळी आली तिला एक, आणि तो एकही देताना हात आखडतोय. नंतर वेगळ्या मागवलेल्या नळीला साडेचार.

पिकनिक टॅप म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काळ्या प्लॅस्टिकची अंगठ्याएवढी तोटी असते, वर एक खटका, खटका दाबला की बीअर येते, सोडला की बंद. भिंतीत भोक नाही, स्टीलचा टॉवर नाही, केगमधून, म्हणजे दाबाखाली पेय ठेवायच्या स्टीलच्या टाकीतून, येणाऱ्या नळीच्या टोकाला लटकते आणि हातात धरून ग्लास भरायचा. कोब्रा टॅपही म्हणतात, दिसतेही तशीच, फणा काढल्यासारखी. अमेरिकेत पाच-सहा डॉलरला मिळते, आपल्याकडे मागवली की कुरिअर आणि ड्युटीत किंमत कुठल्या कुठे जाते पण तरी चकचकीत क्रोमच्या नळांपेक्षा खूप स्वस्त.

हे खूळ मला लागलं सिअ‍ॅटलला. प्रोजेक्टसाठी चार महिने होतो, मामेभाऊ तिथे राहतो, मी त्याला दादा म्हणतो, त्याच्या गॅरेजमध्ये जुना फ्रिज आणि त्यात चार कॉर्नी केग, प्रत्येक १९ लिटरचा. तिकडे १९७८ साली कायदा बदलला आणि घरी स्वतःपुरती बीअर बनवायला केंद्राची मोकळीक झाली, राज्यं मात्र एकेक करत आली, शेवटची दोन मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ ला. इथे मुंबईत मी बीअर बनवत नाही हे स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, बिनपरवाना घरी बनवणं गुन्हा, मग ती बीअर असो की आणखी काही, त्यामुळे उगाच इनबॉक्समध्ये येऊन "भाऊ एक बाटली" करू नका. माझ्या केगमध्ये असतं आल्याचं सोडा-सरबत आणि उन्हाळ्यात कोकम. पण टॅप तोच, नळी तीच, डोकेदुखीही तीच, उलट सोड्याला जास्तच.

दादाकडे पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं की एवढी चांगली बीअर बनवतोस आणि नळ असले प्लॅस्टिकचे काय लावलेस, तर म्हणाला, "अरे नळात काही नाही रे, सगळा खेळ नळीचा आहे." मला वाटलं कंजुषी लपवतोय. मुंबईत परत येऊन स्वतःचं किट जोडल्यावर पहिला ग्लास भरला तर एक बोट सरबत आणि चार बोटं फेस, दुसराही तसाच, तिसऱ्याला मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि तो पोट धरून हसत होता.

तर फेसाचं गणित असं. केगमध्ये कार्बन डायऑक्साइड गॅस दाबाखाली विरघळलेला असतो. बीअरला तीन-चार डिग्रीला दहा-बारा पीएसआय (दाबाचं माप) ठेवतात. आता एवढ्या दाबातून ते एकदम बाहेरच्या हवेत आलं की गॅस भसकन सुटतो आणि फेस होतो. मध्ये लांब बारीक नळी असेल तर घासत घासत दाब हळूहळू उतरतो आणि ग्लासात शांत धार पडते. नळीचं काम नुसतं इकडून तिकडे नेणं नाही, ती ब्रेक आहे. तक्त्यांमध्ये ३/१६ इंच आतल्या व्यासाच्या व्हिनाइल (साध्या मऊ प्लॅस्टिकच्या) नळीला फुटामागे दोन-तीन पीएसआय लिहिलेलं असतं, त्या हिशोबाने चार-पाच फूट पुरायला हवी, आणि म्हणूनच किटवाले तेवढीच देतात. पण घरात निवांत एकेक ग्लास भरायचा तर दहा फूट लागते, दादाच्या चारही लायनी दहा फुटी होत्या, गुंडाळून केगच्या डोक्यावर ठेवलेल्या. मला आलेली नळी चार फूट. म्हणून एक मार्क.

बरं सोड्याला दहा फुटांनीही भागत नाही. सरबत सोड्यासारखं झणझणीत हवं तर पंचवीस-तीस पीएसआय ठेवावे लागतात, मग तीच ३/१६ ची नळी वीस-पंचवीस फूट लागते आणि फ्रिजमध्ये अजगर पाळल्यासारखं दिसतं. इथे मला दुसरी नळी कामाला आली, चार मिलिमीटर आतला व्यास आणि आठ बाहेरचा, ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकची, आतून ऑक्सिजन अडवणारा थर असलेली. ३/१६ इंच म्हणजे पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे फरक मिलिमीटरसुद्धा नाही, पण व्यास जरा कमी केला की अडथळा भराभर वाढतो, इथे तो दुपटीच्या वर जातो. त्यामुळे निम्म्या लांबीत काम होतं. मी पाच मीटर घेतली, फेस दिसला तर कापायची नाही आणि धार फारच मंद वाटली तर वीतभर कापायची असं करत शेवटी साडेचारवर थांबलो. आधी लांब घ्या, कापता येते, जोडता येत नाही.

ही नळी कडक असते, पिकनिक टॅपच्या खाचेच्या दांड्यावर सरळ चढत नाही, आणि इथे मी माती खाल्ली. वाटलं नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात काय मिळत नाही, म्हणून शनिवारी भांडुपहून मस्जिद स्टेशन गाठलं. तिथे एका दुकानात आठ मिलिमीटरचे पुश-फिटिंगचे कनेक्टर खोकंभर होते, नळी घुसवली की फिट्ट. मी खूश. काकांनी विचारलं, "किस चीज़ के लिए?" म्हटलं सरबत. तर त्यांनी खोकं परत आत ओढलं, म्हणाले ये हवा का है, पीतल पे निकल चढ़ा हुआ, खट्टी चीज़ इसमें मत डालो. खरंच की, ते न्यूमॅटिकचे फिटिंग, कम्प्रेसरच्या हवेचे, आणि माझ्या सरबतात लिंबू, वर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच आंबट. धंदा सोडून खरं सांगणारा माणूस भेटला म्हणून त्यांच्याकडून उगाच एक पान्हा घेऊन आलो. शेवटी फूड ग्रेड प्लॅस्टिकचे पुश-फिट ऑनलाइनच मागवले. आरओच्या पाण्याच्या फिल्टरचे कनेक्टर बघू नका, त्यांची नळी पाव इंचाची असते, आठ मिलिमीटरला बसत नाही.

ज्यांच्याकडे साधी व्हिनाइल आहे त्यांनी टोक मिनिटभर उकळत्या पाण्याच्या कपात धरायचं, मऊ पडली की दांड्यावर दाबायची आणि वर क्लॅम्प. क्लॅम्प लावाच. सिलिकॉनची नळी मात्र बीअरला नको, मऊ असते, हाताळायला छान, पण तिच्यातून ऑक्सिजन आरपार जातो आणि बीअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. अ‍ॅक्वेरियमच्या नळीबद्दल विचारूच नका.

आता टॅपचे दीड मार्क कुठे गेले ते. मागच्या मे मध्ये मी नळी गुंडाळून टॅप फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवला, लोणच्याच्या बरणीशेजारी, आणि दार लावून झोपलो. दार लागताना बरणी सरकली आणि खटक्यावर टेकली. खटक्याला कुलूप नसतं, कोणीही दाबलं तरी तो इमानदारीत चालू होतो, मग तो माणूस असो की कैरीची बरणी. पहाटे आई दूध तापवायला उठली आणि तिने जी हाक मारली ती शेजारच्यांनीही ऐकली. अकरा लिटर आल्याचं सरबत, साखरेसकट, फ्रिजखाली, ओट्याखाली, हॉलच्या सतरंजीपर्यंत. चार दिवस मुंग्यांची वारी चालू होती. आई अजून पाहुण्यांना सांगते, "आमच्याकडे पूर येतो तो पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात येतो, आल्याचा." तेव्हापासून रात्री केगवरचं काळं डिस्कनेक्टच, म्हणजे नळी केगला जोडणारी टोपी, काढून ठेवतो. तिच्याभोवतीचं कडं वर उचलायचं, सुटतं, केगचं तोंड आपोआप बंद. दोन सेकंदांचं काम. काळं म्हणजे पेयाचं आणि करडं म्हणजे गॅसचं, हे उलटसुलट बसवायच्या भानगडीत पडू नका, बसतं कसंबसं पण काढताना घाम फुटतो.

टॅप वापरण्याबाबत एकच, खटका पूर्ण दाबायचा. अर्धवट दाबून हळूच ओतू म्हटलं तर त्या बारीक फटीतून गॅस सुटतो आणि फेसच फेस. धाडसाने दाबा, ग्लास तिरका, बास. आणि टॅप-नळी दोन्ही फ्रिजच्या आत ठेवा. हाच तर पिकनिक टॅपचा मोठा फायदा आहे, अख्खं लटांबर थंडगार राहतं. फ्रिजच्या दाराला भोक पाडून नळ बाहेर काढणारे हौशी लोक असतात, पण मुंबईच्या हवेत तो बाहेरचा नळ कायम गरम, पहिला ग्लास फेसाचा ठरलेला. पाहुणे आले की मी प्यायचा ग्लासही दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतो, आई म्हणते फ्रिजमध्ये आता भाजीला जागाच नाही.

काही जण फेस आला की रेग्युलेटरवरचा दाब उतरवून तीन-चार पीएसआयवर आणतात. एका संध्याकाळच्या पार्टीपुरतं चालतं. चार दिवस तसंच ठेवलं तर गॅस निघून जातो, पेय मिळमिळीत, आणि नळीत मध्ये मध्ये गॅसचे कप्पे दिसायला लागतात जे ओतताना फुर्रर करून शिंतोडे उडवतात. नळी पारदर्शक असेल तर हे दिसतं, म्हणून पारदर्शकच घ्या. दाब बरोबर असून जोडाजवळच बुडबुडे दिसले तर डिस्कनेक्टचं किंवा पोस्टचं (केगचं ते तोंड ज्यावर डिस्कनेक्ट बसतं) रबर गेलंय समजा.

सफाईबद्दल लोक आळस करतात आणि मीही केलाय. पिकनिक टॅपचं वरचं झाकण हाताने फिरतं, खटका आणि दट्ट्या बाहेर येतात, तीनच तुकडे. पहिल्यांदा उघडला तो जुलैमध्ये, तोंडाच्या आत काळपट चिकट थर, आणि वास असा की जणू नारळाचं पाणी आठवडाभर विसरलं. पावसाळ्यात दमट हवा, त्यात साखर, आणि चिलटं तर तोटीच्या तोंडाशी मुक्कामालाच. आता प्रत्येक वेळी वापरून झाला की तोंडावर सॅनिटायझरचा एक फवारा आणि वर बाटलीचं छोटं झाकण. केग संपला की अख्खी लाईन धुवायची, कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेटवालं क्लीनर, पंधरा-वीस मिनिटं नळीत भरून ठेवायचं, मग साधं पाणी, मग स्टार सॅन नावाचं सॅनिटायझर, लिटरला साधारण दीड मिली. तो फेसाळतो, घाबरू नका, तो फेस असला तरी चालतो.

या धुण्यासाठी सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड खर्च करायची गरज नाही हा शोध मात्र दादाचा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, तिच्या तोंडाला कार्बोनेशन कॅप, तिच्यावर काळं डिस्कनेक्ट, बाटली उलटी करून दाबायची, क्लीनर नळीतून फुर्रकन जातं. ही कॅप टॅपपेक्षाही कामाची निघाली, घेताना सोबतच घ्या.

बीअर बारमध्ये दर दोन आठवड्यांनी लाईन धुवायचा दंडक असतो, तिथे कॉस्टिक वापरतात, ते घरी नको, डोळ्यात उडालं तर दवाखाना. शिवाय बीअरवाल्यांना एक वेगळं दुखणं असतं, बीअरस्टोन म्हणतात, कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढुरका थर, तो नुसत्या अल्कधर्मी क्लीनरने जात नाही, त्याला अ‍ॅसिड लागतं. मला ते नाही. मला आहे कोकम. कोकमाने नळी अशी गुलाबी झालीये की काही केल्या जात नाही, आणि आल्याचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो, त्या नळीतून साधा सोडा काढला तरी आलं लागतं. दादाने एकदा रूट बीअर (नावालाच बीअर, खरं तर उग्र वासाचा गोड सोडा) केली होती, तिच्या लाईनमधून नंतरची पेल एल, म्हणजे खरी बीअर, कायम टूथपेस्टसारखी लागायची, शेवटी नळी फेकली. म्हणून दोन वेगळ्या लायनी, एकीवर लाल इन्सुलेशन टेप. आणि कोकमात मीठ केगमध्ये घालू नका, ग्लासात घाला, मीठ आणि आंबट दोन्ही मिळून स्टीलला बारीक खड्डे पाडतात.

व्हिनाइल वर्षाने बदला, पिवळट पडली किंवा प्लॅस्टिकची चव यायला लागली तर आधीच. टॅपचा दट्ट्या झिजला की थेंब थेंब गळतो, त्यावर रबर शोधत लोहार चाळीचा बाजार पालथा घालण्यात अर्थ नाही, नवीन टॅप घ्या. मी तीन एकदम मागवले होते, दोन अजून ड्रॉवरमध्ये आहेत, रबरबँड लावून. लोणच्याची बरणी आईने वरच्या फळीवर हलवलीये.