कॉर्डलेस ट्रिमर घ्यायचाय? आधी बॅटरी किती मोठी हवी ते ठरवा

बॅटरीवालं ड्रिल आज बहुतेक सुतारांकडे आहे. त्याच कंपनीचा बॅटरीवाला ट्रिमर किंवा छोटा राउटर (कडा छाटणारं, खाचा मारणारं हातातलं मशीन) घेऊन टाकू, बॅटरी तर घरात आहेच, असा विचार मग साहजिकच मनात येतो. विचार चुकीचा नाही, फक्त अर्धवट आहे. ड्रिल स्क्रू मारण्यापुरतं तीन-चार सेकंद चालतं आणि थांबतं. ट्रिमर एकदा प्लायच्या कडेला लावला की आठ फूट संपेपर्यंत हात थांबत नाही, आणि मोटर तो सगळा वेळ बॅटरीतून करंट ओढत राहते. ड्रिलला दोन दिवस पुरणारी २ अँपिअर-तासांची (हे बॅटरीतल्या साठ्याचं माप) बॅटरी ट्रिमरवर दहा मिनिटांत मान टाकते, ती त्यामुळेच. मशीनची तुलना आपण पुढे करूच, पण तुमचा निर्णय खरा बॅटरीवर अडणार आहे.

आधी काम कोणतं ते बघा

ट्रिमरची तीन नेहमीची कामं घेऊ. एक, सनमायकाची बाहेर आलेली कड कापणं. मायका १ मिमी जाड आणि बाहेर ठेवलेली कड ३ मिमी धरली, तर बिट (मशीनचं फिरणारं पातं) पुढे सरकताना ३ चौरस मिमी माल काढतं. दोन, सागवानाच्या पट्टीला ६ मिमी त्रिज्येचा गोला मारणं, म्हणजे कड गोल करणं. यात कोपऱ्याचा जो भाग उडतो तो साधारण ८ चौरस मिमी भरतो. तीन, कपाटाच्या बाजूच्या फळीला १२ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल खाच मारणं. इथे आकडा थेट ७२ चौरस मिमी होतो, म्हणजे मायकाच्या चोवीस पट.

मायका कडक असतो, बिटाची धार खातो, पण मोटरला त्याचं ओझं फारसं नसतं. खाच मारताना मात्र मोटरचा आवाज लगेच खाली येतो. त्यामुळे 'बॅटरीवाला ट्रिमर चालतो का' या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. मायका, पीव्हीसी एजबँड (फळीच्या कडेला चिकटवायची प्लास्टिकची पट्टी), छोटा गोला, बिजागरीची खाच, कुलपाच्या पट्टीची खाच ही कामं तो उत्तम करतो. लांब आणि खोल खाचाही तो मारतो, पण दोन-तीन मिमीच्या थरांनी, आणि खाली योग्य बॅटरी असेल तरच.

वायरवाला की बॅटरीवाला

बाजारात रोज दिसणारे वायरवाले ट्रिमर बघा. मकिटाचा ३७०९ हा ५३० वॅटचा, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांचा. बॉशचा जीकेएफ ५५० हा ५५० वॅटचा, ३३,००० फेऱ्यांचा. दोन्ही हलके, दणकट, आणि दोन्हींना वेग कमी-जास्त करायची सोय नाही. चालू केलं की पूर्ण वेग. मायकाला ते चालतं. पीव्हीसीच्या पट्टीवर मात्र हात जरा रेंगाळला की पट्टी वितळून बिटाला चिकटते, आणि सागवानावर काळा डाग पडतो.

१८ वोल्टच्या बॅटरीवाल्या मशीनना वेगाची चकती असते, आणि ओझं आलं तरी वेग धरून ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्सही असतं. वायर नसणं हा फायदा सगळेच सांगतात. मला ही चकती त्याहून कमी मोलाची वाटत नाही. वायरवाल्यातही ती मिळते. मकिटाचा आरटी०७००सी ७१० वॅटचा आहे आणि १०,००० ते ३०,००० फेऱ्यांवर चालतो. तुमचं काम एका जागी, वर्कशॉपमध्ये, हाताशी प्लग असताना होत असेल तर माझं मत सरळ आहे: हाच घ्या, बॅटरीच्या मागे लागू नका. दिवसभर एजबँड साफ करणाऱ्याला दर वीस मिनिटांनी बॅटरी बदलणं परवडत नाही.

बॅटरीचं खरं मोल साइटवर कळतं. राहत्या फ्लॅटमध्ये बसवलेल्या दाराला बिजागरीची खाच मारायची, लॉफ्टच्या शटरची कड स्टुलावर उभं राहून साफ करायची, नवीन इमारतीत अजून मीटर लागलेला नाही तिथे काम उरकायचं. अशा ठिकाणी वायर ताज्या मायकावरून घासत जाते, कोपऱ्यात अडकते, आणि नेमकी कड अर्ध्यावर असताना मशीनला हिसका बसतो. एक्स्टेंशनची वायर लांब आणि बारीक असेल तर वोल्टेज पडतं ते वेगळंच. गावाकडे भारनियमनात ठप्प होणारं कामही बॅटरीवर निभावून जातं.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) काम करताना व्हॅक्यूम लावणार असाल (आणि लावायलाच हवा, ती धूळ फुप्फुसात जाते), तर नळी आणि व्हॅक्यूमची वायर आलीच. तिथे बॅटरीचा निम्मा फायदा गेला.

तीन मशीन शेजारी-शेजारी

मकिटाचा डीआरटी५०: १८ वोल्ट, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली मोटर), १०,००० ते ३०,००० फेऱ्या. याची जमेची बाजू म्हणजे बेस, म्हणजे मशीन ज्यावर टेकतं तो खालचा भाग. प्लंज बेस (मशीन दाबून बिट वरून लाकडात उतरवता येतं तो), तिरका होणारा बेस, कोपऱ्यात शिरणारा ऑफसेट बेस असे सगळे प्रकार याला मिळतात, आणि आरटी०७००सीचे बेसही याला बसतात. ज्याच्याकडे तो वायरवाला आधीच आहे, त्याने दुसरीकडे बघायचं कारण मला दिसत नाही. चालू करायला दोन बटणं दाबावी लागतात, आधी लॉक आणि मग स्टार्ट. सुरुवातीला ते कटकटीचं वाटतं. पण पिशवीत बॅटरीसकट ठेवलेलं मशीन चुकून सुरू झालं तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणलं की ही दोन बटणं आवडायला लागतात.

डिवॉल्टचा डीसीडब्ल्यू६००: १६,००० ते २५,५०० फेऱ्या. वरचा वेग कमी आहे म्हणून नाक मुरडू नका, पाव इंची शँकच्या (शँक म्हणजे बिटाचा दांडा) बहुतेक बिटांना तो भरपूर होतो. अडचण खालच्या टोकाला आहे. मोठ्या व्यासाचं बिट सावकाश फिरवायचं असेल तर १६,००० च्या खाली जाता येत नाही. डीसीडब्ल्यू६०४ या नावाने तोच राउटर फिक्स आणि प्लंज अशा दोन्ही बेससकट मिळतो. खाच आणि कड दोन्ही कामं असणाऱ्याने तोच सेट बघावा.

बॉशचा जीकेएफ १८व्ही-८: वेग १०,००० ते ३०,०००. मुख्यतः कडेचं काम करणाऱ्यासाठी, आणि ज्याच्या पेटीत निळ्या १८ वोल्टच्या बॅटऱ्या आहेत त्याच्यासाठी.

तिघांत हातात येणाऱ्या कामाचा फरक थोडा आहे. तुमच्याकडे ज्या कंपनीच्या दोन चांगल्या बॅटऱ्या आणि चार्जर आहेत, तिचंच मशीन घ्या. फक्त ट्रिमरसाठी दुसरी कंपनी सुरू करणं म्हणजे मशीनच्या जोडीला नव्या बॅटऱ्या आणि चार्जरचा खर्च अंगावर घेणं.

दुकानातून निघण्याआधी कोलेट (बिटाचा दांडा आवळणारी पकड) मात्र तपासाच. एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कोलेटसह विकलं जातं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६ मिमीचं बिट पाव इंची कोलेटमध्ये आवळलं तर वरवर घट्ट लागतं, आणि चालू कामात सरकून खोली वाढवतं किंवा निखळून बाहेर येतं. आपल्याकडे दोन्ही मापांची बिटं एकाच डब्यात पडलेली असतात. शँकला कॅलिपर लावल्याशिवाय बिट बसवू नका.

बॅटरी: अँपिअर-तास म्हणजे नुसता वेळ नव्हे

१८ वोल्टच्या बॅटरीत ३.६ वोल्टचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ वोल्टपर्यंत जातो. डिवॉल्टच्या काही बॅटऱ्यांवर लिहिलेलं '२० वोल्ट मॅक्स' हे याच पाच सेलचं वरचं माप आहे, ताकद काही जास्त नाही. मोठ्या बॅटरीत अशा पाच सेलच्या दोन ओळी शेजारी-शेजारी असतात.

समजा खाच मारताना मशीन २५० वॅट ओढतंय. १८ वोल्टला ते साधारण १४ अँपिअर झाले. एका ओळीच्या बॅटरीत प्रत्येक सेलला हे पूर्ण १४ अँपिअर द्यावे लागतात. दोन ओळींत ते वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला सात. त्यामुळे लहान बॅटरी लवकर तापते, तिचं वोल्टेज जास्त पडतं, आणि संरक्षक सर्किट मशीन मध्येच बंद करतं. बॅटरीत अजून दोन दांड्या दिसत असताना ट्रिमर थांबला, तर पुष्कळदा कारण हेच असतं. तेच मशीन, तेच बिट, बॅटरी फक्त दहा सेलची लावली की खाच एका दमात पुढे जाते.

| बॅटरी | सेल | ऊर्जा (१८ वोल्ट × अँ.-तास) | वजन (सुमारे) | २५० वॅटवर सलग (हिशेबाने) |
|---|---|---|---|---|
| २ अँ.-तास | ५ लहान | ३६ वॅट-तास | ३५० ग्रॅम | ८–९ मिनिटं |
| ४ अँ.-तास | ५ जाड | ७२ वॅट-तास | ५०० ग्रॅम | १७ मिनिटं |
| ५ अँ.-तास | १० लहान | ९० वॅट-तास | ६३० ग्रॅम | २१ मिनिटं |
| ८ अँ.-तास | १० जाड | १४४ वॅट-तास | ९५० ग्रॅम | ३४ मिनिटं |

लहान सेल म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी उंचीचा, जाड म्हणजे २१ मिमी आणि ७० मिमीचा. शेवटचा रकाना निव्वळ भागाकार आहे. तापलेली किंवा जुनी बॅटरी याहून कमी देते, आणि मायकाच्या हलक्या कामात ती बरीच जास्त पुरते.

मग सगळ्यात मोठीच घ्यावी? ट्रिमरच्या बाबतीत नाही. ड्रिलची बॅटरी मुठीच्या खाली असते आणि तोल सांभाळते. या राउटरांची बॅटरी मोटरच्या वर, सगळ्यात उंच जागी बसते. कडेचं काम करताना बेसचा अर्ध्याहून कमी भाग लाकडावर टेकलेला असतो, बाकीचा हवेत. २ च्या जागी ५ ची बॅटरी लावली की माथ्यावर पाव किलोहून जास्त वजन वाढतं. कोपरा वळताना हात जरा सैल पडला की मशीन बाहेरच्या बाजूला कलतं, आणि बिट १८ मिमीच्या कडेत तिरका चरा पाडतं. मायकाची कड अशी एकदा खाल्ली गेली की पूर्ण तुकडा काढून नवा लावावा लागतो. ८ ची बॅटरी तर कडेच्या कामात लावूच नये.

माझी निवड सांगतो. एकच बॅटरी घ्यायची असेल तर जाड सेलची ४ अँपिअर-तासांची. बॉशच्या प्रोकोर मालिकेत ती आहे. पाचच सेल, त्यामुळे उंची आणि वजन आटोक्यात, आणि जाड सेल जास्त करंट सोसतो. डिवॉल्टने २०२१ मध्ये पॉवरस्टॅक ही चपट्या सेलची बॅटरी काढली. तिची १.७ ची लहान आवृत्ती कडेच्या कामाला हलकी आणि नेटकी आहे, पण तिच्यावर दिवसभराच्या खाचांची आशा ठेवू नका. मकिटावाल्यांनी दोन घ्याव्यात. कडेला २ ची, आणि मशीन प्लंज बेसमध्ये पट्टीला धरून चालवायचं असेल तेव्हा ५ ची. तिथे बेस पूर्ण टेकलेला असतो, वरचं वजन त्रास देत नाही.

चार्जरकडे लोक बघतच नाहीत. मकिटाचा जलद चार्जर डीसी१८आरसी ५ ची बॅटरी ४५ मिनिटांत भरतो, साधा डीसी१८एसडी त्याच बॅटरीला ११० मिनिटं घेतो. वीस-पंचवीस मिनिटांत बॅटरी संपवणाऱ्या मशीनला साधा चार्जर म्हणजे दुपारपर्यंत हात बांधून बसणं. त्यातून विदर्भातला मे महिना असेल तर मशीनमधून काढलेली गरम बॅटरी चार्जर लगेच घेतही नाही, थंड होईपर्यंत दिवा लुकलुकत राहतो. बॅटरी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

अर्ध्या इंची राउटरचं काय

दाराच्या चौकटीची मोल्डिंग, कुलपाचं खोल घर, राउटर टेबल, ही अर्ध्या इंची किंवा १२ मिमी शँकची कामं. मकिटाचा वायरवाला आरपी२३०१एफसी २१०० वॅटचा आहे. ४० वोल्टमध्ये त्यांचाच बॅटरीवाला आरपी००१जी मिळतो आणि तो ताकदीला कमी नाही. पण ४० वोल्ट (हेही वरचं माप, हिशेबाला ३६ धरायचे), ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १४४ वॅट-तास असतात. सरासरी १२०० वॅट ओढले तर सात मिनिटं. लाकूडकामाच्या रोजच्या धंद्यात मी इथे वायरवालाच घ्या म्हणेन, आणि टेबलाखाली तर दुसरा विचारही नको.

स्वस्त बॅटऱ्या आणि परदेशातून आणलेली मशीन

मकिटाच्या खाचेत बसणाऱ्या बिनकंपनीच्या बॅटऱ्यांवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असे आकडे छापलेले असतात. आत पुष्कळदा तेच पाच सेल, म्हणजे १८ वोल्टच. ओळखायचा सोपा उपाय वजनकाटा. एक लहान सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. दहा सेलचंच वजन साडेचारशेच्या पुढे जातं, वर डबी आणि सर्किट वेगळं. '६ अँपिअर-तास' लिहिलेली बॅटरी ४०० ग्रॅम भरली तर तो आकडा खोटा आहे. ड्रिलवर अशी बॅटरी कदाचित खपून जाईल. ट्रिमरसारख्या सलग करंट ओढणाऱ्या मशीनवर ती तापते, आणि आत संरक्षण नीट नसेल तर पेटूही शकते.

अमेरिकेतून किंवा जपानमधून कोणी मशीन आणणार असेल तर फक्त मशीन मागवा. १८ वोल्टचं मशीन इथल्या बॅटरीवर चालतं, पण तिथला चार्जर १२० किंवा १०० वोल्टचा असतो, आपल्या २३० वोल्टवर लावला की गेला. बॅटरीच आणायची असेल तर ती केबिनच्या बॅगेत ठेवावी लागते, सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. १८ वोल्टची ५ ची बॅटरी ९० वॅट-तासांची, ती बसते. ६ ची १०८ होते, तिला विमान कंपनीची परवानगी आधी काढावी लागते.