आइसलँडचे सात दिवस: पूर्ण चक्कर की दक्षिण किनारा?

बेटाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता सुमारे 1,320 किलोमीटरचा. रोजचे सरासरी 190, म्हणजे संभाजीनगर-नांदेडपेक्षाही कमी. पण डांबरीवर मर्यादा ताशी 90 आणि दर धबधब्याला थांबा, दिवस तिथंच जातो. जून-जुलैत रात्रीही उजेड असतो, तेव्हाच पूर्ण चक्कर जमते. हिवाळ्यात नकोच, बर्फवादळात रस्ता बंद झाला की पुढचं बुकिंग बुडतं.

दक्षिण किनारा म्हणजे राजधानी रेक्याविकहून योकुलसारलोन हिमसरोवर, जाऊन-येऊन साधारण 750 किलोमीटर. परतीचा रस्ता तोच, पण वादळात एक दिवस गेला तरी चालतं. वाटेतले विक गावाजवळचे काळे खांब बेसाल्टचेच, आपल्या वेरूळसारखे.

दोन्हीकडे गाडी उजव्या बाजूनं. दार एका हातानं धरूनच उघडा. वाऱ्यानं बिजागरी वाकते आणि विमा बहुधा ते भरत नाही.