बाल्टिक देश : समूह सहल की स्वतंत्र प्रवास?
एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असून तिथे युरोच चालतो. त्यामुळे एकाच व्हिसावर स्वतंत्रपणे फिरणे मुळीच अवघड नाही. एस्टोनियाची राजधानी टालिन ते लाटव्हियाची राजधानी रिगा हे सुमारे ३१० किलोमीटरचे अंतर बसने साधारण साडेचार तासांत कापता येते आणि जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांत हवे तितके रेंगाळता येते; समूह सहलीत नेमकी हीच मुभा नसते.

सहलीचा खरा लाभ रिगा ते लिथुएनियाची राजधानी व्हिल्नियस या टप्प्यात दिसतो. थेट बस ज्यांना बगल देते, तो रुंडालेचा राजवाडा आणि शाउलेईजवळची असंख्य क्रुसांची टेकडी सहलीची गाडी एकाच दिवसात दाखवते. सोव्हिएत राजवटीने बुलडोझर फिरवूनही लोकांनी तिथे पुन्हा पुन्हा क्रूस रोवले, हे मार्गदर्शकाकडून ऐकल्यावर क्रुसांवर लटकणाऱ्या, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या जपमाळा निराळ्याच वाटतात.