बोर्डासमोर कॅलिब्रेशन की उड्डाणातच? ड्रोन मॅपिंग करणाऱ्यांसाठी

आरटीके ड्रोन (स्वतःची जागा सेंटीमीटरमध्ये सांगणारा) आहे, फोटोंतून नकाशा करणारं मेटाशेप किंवा पिक्स४डी चालवता येतं, पहिली कामं हातात आली आहेत. आता प्रश्न उरतो कॅमेऱ्याच्या आकड्यांचा. फोकल लांबी, प्रिन्सिपल पॉइंट (लेन्सचा अक्ष सेन्सरवर जिथे पडतो तो बिंदू), लेन्समुळे चित्र किती वाकतं ते सांगणारे के१ ते के३, पी१, पी२ हे चेकरबोर्डावर, म्हणजे बुद्धिबळासारख्या चौकटींच्या पाटीवर, आधीच काढून पक्के करायचे (यालाच कॅलिब्रेशन म्हणतात), की दर कामाच्या फोटोंतून सॉफ्टवेअरला काढू द्यायचे? पुण्यात दोन्ही पंथांची माणसं भेटतात आणि दोघांचीही बिलं निघतात. मी दोन्ही केलंय. माझा कल कुठे आहे ते लपवत नाही, पण बोर्डाची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती कच्ची नाही.

सपाट जमिनीवर सगळे फोटो सरळ खाली, एकाच उंचीवरून घेतले, की सॉफ्टवेअरला फोकल लांबी आणि उंची वेगळी करता येत नाही. फोकल लांबी थोडी जास्त धरली आणि जमीन थोडी खाली ढकलली, तरी फोटो तितकेच छान जुळतात. इथे अनेकांचा समज असतो की आरटीके आहे म्हणजे सुटलो. आरटीकेला ड्रोन कुठे आहे ते कळतं, जमीन कुठे आहे ते नाही. एक इंची सेन्सर आणि ८.८ मिलिमीटरची लेन्स, म्हणजे फँटम ४ आरटीकेसारखा कॅमेरा घ्या. फोकल लांबी साधारण ३६५० पिक्सेल. ती एका पिक्सेलने चुकली तर १०० मीटर उंचीवरून जमीन २.७ सेंटीमीटर वरखाली होते. खाणीची दोन महिन्यांतली मोजणी वजा करताना हेक्टरमागे २७० घनमीटर, म्हणजे ९५ ब्रासचा फरक. रॉयल्टीचा हिशेब लावणाऱ्याला हे सांगून बघा. (एकाच उड्डाणात ढीग आणि त्याचा तळ दोन्ही मोजत असाल तर ही चूक जवळपास कटून जाते, तिथे फार जीव काढू नका.)

दुसरा दोष घुमटाचा. रेडियल डिस्टॉर्शन (मध्यापासून कडेकडे वाढणारा लेन्सचा वाकडेपणा, तेच के१ ते के३) किंचित चुकलं आणि सगळे फोटो समांतर असले, की सपाट शेत मध्ये फुगतं किंवा बशीसारखं खोल होतं. जेम्स आणि रॉबसन या संशोधकांनी २०१४ मध्ये हे व्यवस्थित मांडलं आहे, आणि थोडे तिरके फोटो मिसळले की तो बराच कमी होतो हेही.

बोर्डावर हे प्रश्न येत नाहीत. झांग या संशोधकाची २००० सालची कॅलिब्रेशनची पद्धत ओपनसीव्ही या सॉफ्टवेअर लायब्ररीत फुकट मिळते. बोर्ड वेगवेगळ्या कोनांतून टिपला की फोकल लांबी अंतरापासून सुटी होते. एक संध्याकाळ पुरते आणि साइटवर जादा बॅटरी जळत नाही.

मग अडलं कुठे? फोकसवर. घरात बोर्ड दोन मीटरवर ठेवला आणि कॅमेऱ्याने त्यावर फोकस केला, की लेन्स सेन्सरपासून जराशी पुढे सरकते. जराशी म्हणजे ०.०३९ मिलिमीटर, पण त्याचे १६ पिक्सेल होतात. हा आकडा पक्का करून १०० मीटरवरून उडलात आणि जीसीपी (जमिनीवरची मोजून ठेवलेली खूण) नसेल, तर जमीन ४४ सेंटीमीटर खाली. म्हणजे फोकस अनंतावर बांधूनच बोर्ड टिपायला हवा. तसा तो दोन मीटरवर धूसर दिसतो, मागे जावं लागतं. पाच मीटरवर गेलात तर फ्रेम साडेसात मीटर रुंद होते, आणि डिस्टॉर्शन तर कडांना जास्त असतं, म्हणून चौकटी कडेपर्यंत पोचायला हव्यात.

साडेसात मीटरचा बोर्ड कुठून आणणार? पुण्यात फ्लेक्सला तोटा नाही, वाढदिवस असो वा नसो. तसा चौकटींचा फ्लेक्स छापून सोसायटीच्या भिंतीवर ताणता येतो. पण फ्लेक्स कोपऱ्यांत ओढला जातो, मधे पोट काढतो, वाऱ्याने हलतो, आणि गणित तर धरून चालतं की बोर्ड सपाट आहे. लाकडी फ्रेम केली तर ती ठेवायला जागा नाही. माझा धीर इथे संपला. ज्यांच्याकडे पक्की टेस्ट भिंत आहे त्यांनी खुशाल हसावं.

शिवाय डिसेंबरच्या गार सकाळी आणि एप्रिलच्या चाळिशीतल्या दुपारी त्याच लेन्सची फोकल लांबी माझ्याकडे तरी तंतोतंत जुळलेली नाही. तुमची लेन्स कदाचित शहाणी असेल.

कंपनीने फोटोच्या मेटाडेटात घातलेले आकडे सुरुवातीला जरूर वापरा, फक्त कॅमेऱ्यातलं डिस्टॉर्शन करेक्शन बंद ठेवा.

उड्डाणातल्या कॅलिब्रेशनला खुराक मात्र द्यावा लागतो. नेहमीच्या ग्रिडवर आडव्या काही ओळी, थोड्या जास्त उंचीवरून, कॅमेरा वीसेक अंश तिरका. एखादा जीसीपी ॲडजस्टमेंटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गणितात, बाकीचे फक्त पडताळणीचे चेक पॉइंट म्हणून बाहेर. एवढं दिलं की वाघोलीकडच्या खाणींसारख्या चढउताराच्या जागी मला बोर्डाची आठवण येत नाही. (लोहगाव जवळ असल्यामुळे तिथे परवानगीचं आधी बघा, ती वेगळीच कटकट.)

खरी अडचण लांबट कामांची. मुठा कालव्याच्या कडेने एकच पट्टी, खाली पाणी आणि झाडी, टाय पॉइंट (फोटो एकमेकांना जोडणाऱ्या समान खुणा) विरळ. तिथे आकडे मोकळे सोडले तर पट्टी वाकते, आधी काढलेलेच हवेत. पण तेही मी बोर्डाचे घेत नाही. त्याच सकाळी, त्याच फोकसवर, जवळच्या एखाद्या टेकाडावर दोन उंचींचा छोटा आडवा-उभा ब्लॉक उडवतो आणि त्याचे आकडे पट्टीला लावतो. पिक्स४डीत त्यासाठी ‘ऑल प्रायर’ (दिलेल्या आकड्यांच्या जवळच राहा) हा पर्याय, मेटाशेपमध्ये फिक्सची खूण.

आणि टेंडरमध्ये कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं असेल, तर बोर्डाचं करून घ्या, फाइलला लावा, आणि प्रोसेसिंगला बसताना ते आकडे मोकळे सोडा.