नंबर प्लेट धूसर करावी की पट्टीने झाकावी?

नाशिकमध्ये जुनी गाडी विकण्यासाठी फोटो टाकताना ‘एमएच १५’ पुढील अक्षरे आणि आकडे लपवण्याचे दोन मार्ग आहेत. धूसर केलेली प्लेट फोटोत खुपत नाही. मात्र क्रमांकाची रचना ठरलेली असल्यामुळे हलक्या धूसरपणातून तो ताडता येतो, आणि एम-परिवहन ॲपवर नोंदणी व विम्याची माहिती लगेच निघते. भरीव काळी पट्टी ओबडधोबड दिसली तरी खालचे चित्रच पुसते, म्हणून माझी पसंती तिलाच. फक्त ती अर्धपारदर्शक हायलायटरने रंगवू नये. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांच्या पुढच्या काचेवरील स्टिकरवरही हाच क्रमांक असतो (तो हमखास नजरेतून सुटतो). फोटोच्या फाइलमधील जीपीएस नोंद (फोटो कुठे काढला ते ठिकाण) मात्र दोन्ही उपायांनी जात नाही. ती वेगळी काढावी लागते.