दादरला मिळणारा अमेरिकेच्या सागरी विस्ताराचा नकाशा: चांगला आहे, पण चार दुरुस्त्या करूनच लावा

मुंबईत मिळणारे जगाचे बहुतेक नकाशे प्रशांत महासागराचे दोन तुकडे करतात. होनोलुलू डाव्या कडेला, मनिला उजव्या कडेला. त्यावर 1898 चं अमेरिका-स्पेन युद्ध शिकवायचं म्हणजे मुलांना अमेरिकेची आशियाकडची वाटच दिसत नाही. दादरला शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळणारा हा नकाशा प्रशांत महासागर मधोमध घेतो आणि एवढ्यासाठीच तो घेण्यासारखा आहे. 3 फूट बाय 2 फूट, लॅमिनेटेड, वर-खाली लाकडी पट्ट्या, सगळी नावं मराठीत, 1867 ते 1914 हा काळ, किंमत 450 रुपये.

लावल्यावर पहिलं काम म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू, ग्वाम, मनिला असा लाल दोरा चिकटपट्टीने लावायचा. टाचण्या नकोत, लॅमिनेशन फाटतं आणि पावसाळ्यात त्या भोकांतून ओल आत जाते. टप्पे साधारण 2,100, 3,300 आणि 1,500 सागरी मैलांचे. वाफेच्या जहाजाला दर टप्प्यावर कोळसा हवा, म्हणून ही बेटं हवीत, हे दोरा बघताच कळतं. आपल्या मुलांना एडनचं उदाहरण द्यावं: इंग्रजांनी ते 1839 मध्ये घेतलं आणि 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता. कोळसा नसला की काय होतं, तेही मनिलापाशीच सांगता येतं. स्पेनशी युद्ध लागताच तटस्थ इंग्रजांनी अमेरिकी नौदल अधिकारी ड्यूईच्या आरमाराला हाँगकाँग सोडायला लावलं. त्याने कोळशाचं जहाज आधीच विकत घेऊन ठेवलं होतं, म्हणून 1 मे 1898 ला तो मनिलाच्या उपसागरात स्पेनच्या आरमाराशी लढू शकला.

आता चुका. हवाईवर 1893 छापलंय. त्या वर्षी राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली; विलीनीकरण झालं जुलै 1898 मध्ये, तेही दोन्ही सभागृहांत साध्या बहुमताने होणाऱ्या संयुक्त ठरावाने, कारण तहासाठी लागणारी सिनेटमधली दोन तृतीयांश मतं जमत नव्हती. दोन्ही सालं लिहून चिठ्ठी चिकटवा.

क्यूबाला अमेरिकेने खालसा केलेल्या पोर्तो रिकोचाच रंग दिलाय, ही जास्त मोठी चूक. क्यूबा खालसा करणार नाही, असं अमेरिकी काँग्रेसने टेलर दुरुस्तीत युद्धाआधीच लिहून दिलं होतं. मग 1901 च्या प्लॅट दुरुस्तीने अमेरिकेने क्यूबात हस्तक्षेपाचा हक्क घेतला आणि 1903 मध्ये नाविक तळासाठी ग्वांतानामो भाड्याने घेतलं. नकाशावर ग्वांतानामो नाहीच. क्यूबावर पेन्सिलीच्या तिरक्या रेघा असलेली पारदर्शक पट्टी लावून आग्नेय टोकाला ठिपका द्यावा. ‘खालसा नाही, पण मोकळाही नाही’ हा प्रकार समजला नाही, तर पुढचं पनामा प्रकरणही डोक्यात बसत नाही.

सगळ्यात जास्त खटकतं ते फिलिपिन्स. एक रंग, ‘1898’, संपलं. पॅरिसच्या तहात स्पेनला 2 कोटी डॉलर देऊन बेटं घेतली, हे खरं. पण तिथल्या लोकांनी स्वतःचं स्वातंत्र्य आधीच जाहीर केलं होतं. 4 फेब्रुवारी 1899 ला त्यांची अमेरिकेशी लढाई पेटली आणि दोनच दिवसांनी सिनेटने 57 विरुद्ध 27 मतांनी तह मंजूर केला, लागत होती त्यापेक्षा एकच मत जास्त. युद्ध संपल्याची अधिकृत घोषणा थेट जुलै 1902 मध्ये. हे सगळं गाळून विस्तार शिकवणं म्हणजे ज्यांच्या जमिनीवर तो झाला त्यांनाच पुसून टाकणं. निदान ‘1899–1902 युद्ध’ एवढं तरी ठळक लिहा.

पनामाचा अमेरिकेने ताब्यात घेतलेला 10 मैल रुंदीचा कालवापट्टा या प्रमाणात मिलिमीटरभरही येत नाही, त्यामुळे तो फळ्यावर वेगळा काढावा लागतो. कालव्याची गरज मात्र नकाशावरच दाखवता येते: ‘ओरेगॉन’ युद्धनौकेला 1898 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून फ्लोरिडाला पोचायला 66 दिवस लागले. ती वाट निळ्या दोऱ्याने दाखवली की 1914 चा कालवा आपोआप समजतो.

छपाई स्वच्छ आहे, पण बेटांची नावं बारीक. तिसऱ्या बाकामागे वाचता येत नाहीत. ट्यूबलाइटसमोर लॅमिनेशन चमकतं, बाजूच्या भिंतीवर लावा. दोन बाजूंची चिकटपट्टी जुलैत सुटते, खिळाच ठोका. आणि दुकानात गुंडाळी उघडून वरची पट्टी बघून घ्या, काही प्रतींत ती नुसत्या डिंकावर आहे.